भित्रे योहानआप्पा

आमच्या शेजारचे योहानआप्पा घरामागच्या परड्यात कपडे वाळत घालायला जातात, ते डोक्याला हेल्मेट घालून. परड्यात नारळाचं एक झाड आहे. त्या झाडाचा नारळ आजवर कुणाच्या डोक्यात पडलेला नाही. खरं सांगायचं तर चार वर्षांत त्याला नारळच धरलेला नाही. पण विचारलं की आप्पा हेल्मेटची काच वर करून म्हणतात, "तसं भ्यायचं काय न्हाय रं, पर झाडाचा काय नेम?"

"तसं भ्यायचं काय न्हाय, पर" हे आप्पांचं पालुपद. त्या 'पर'च्या पुढं जगातली कुठलीही गोष्ट येऊ शकते. गॅसची टाकी, गल्लीतलं लंगडं कुत्रं, वीज, पाल, दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस. सगळ्यात मोठी धास्ती कानडी पत्राची; आमच्या सीमाभागात सरकारी कागद कानडीतच येतो. आप्पा कानडी फडाफडा बोलतात, पण वाचताना अक्षराला अक्षर लावत वाचतात, आणि सरकारी शिक्का दिसला की तेवढंही जमत नाही. एकदा "विलास, नोटीस आली रं! घर पाडत्यात!" असं ओरडत ते आमच्या दारात आले. मी कागद वाचला. शनिवारी म्हशींना लस टोचायची आहे, शाळेजवळ घेऊन या, असं पंचायतीनं कळवलं होतं. आप्पांकडं म्हैस नाही. तरी शनिवारी ते शाळेजवळ गेले आणि "माझ्याकडं म्हैस न्हाय" असं डॉक्टरला समक्ष सांगून आले. "उद्या म्हणतील, लपवली!"

मच्छे गावातल्या एका कारखान्यात आप्पांनी उभी हयात टर्नर म्हणून काढली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, आणि अजून तिथंच कामाला आहे. लेथ मशीनसमोर उभा राहिला की हा माणूस वेगळाच असायचा. केसाएवढा फरक नुसत्या बोटानं ओळखायचे. मशीन थांबलं की पुन्हा पहिले आप्पा. आता बायको वारली, मुलगी बंगळूरला. घरात ते आणि दाराच्या तीन कड्या.

आप्पा ख्रिस्ती. गल्लीत त्यांचं तेवढं एकच घर. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून जायच्या. याहून जास्त त्यात काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत सहा-सात माणसं प्रार्थनेला बसत. त्यात माझी आईही असे; आप्पा तिला आक्का म्हणतात. आई ख्रिस्ती झालेली नाही. सकाळी देवपूजा करून, कपाळाला कुंकू लावून ती तिकडं जाते. निपाणीला दिलेली माझी बहीण सरला बाळंतपणात गेली, तेव्हापासून. घरी सरलाचं नाव निघालं की आम्ही विषय बदलायचो. आप्पा मात्र दर रविवारी प्रार्थनेत तिचं नाव घेत. तेवढं ऐकायला आई जायची.

आप्पांची प्रार्थना म्हणजे त्यांच्या भीतीची यादीच. "प्रभू, गॅसच्या टाकीवर तुझा हात ठेव. त्या लंगड्या कुत्र्याला चांगली बुद्धी दे." आई घरी येऊन नक्कल करायची आणि आम्ही हसायचो.

गेल्या वर्षापासून मात्र हवा बदलली. कुठल्याशा गावात प्रार्थनेला बसलेल्यांना बाहेर ओढून मारल्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागले. चहाच्या गाड्यावर एकानं मला विचारलं, "तुमच्या शेजारी रविवारी काय चालतंय रं? तुझी आईपण जाती म्हणं." मी चहा तसाच ठेवून निघालो. घरी येताच मी आप्पांना म्हणालो, "काही दिवस बंद ठेवा."

"ठेवतो की," आप्पा लगेच म्हणाले. त्यांच्या ओठांचा रंगच उडाला होता.

आणि पुढच्या रविवारी बघतो तर दार उघडं. मी चिडलो. आप्पा खाली बघत म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला परत जा असं कसं म्हणायचं रं? माझ्या तोंडातनं येत न्हाय."

त्यानंतरच्या रविवारी दोन मोटरसायकली येऊन थांबल्या. चौघं उतरले. मी माझ्या खिडकीत होतो. आप्पांनी आवाज ऐकूनच माणसांना परड्याच्या दारानं बाहेर काढलं होतं. आईचे गुडघे गेलेले. तिला उठता येईना. ती आत स्वयंपाकघरात बसून राहिली. आप्पा बाहेर आले आणि पाठीमागं दार ओढून घेऊन पायरीवर उभे राहिले. दाराशी सहा जोड चपला तशाच पडलेल्या.

"हितं बाटवाबाटवी चालती म्हणं," एक जण म्हणाला.

"न्हाय. प्रार्थना करतो आमी."

"कोण कोण येतंय? नावं सांग."

आप्पांनी एका हातानं दाराची चौकट धरली.

त्यातला एक जण जरा मऊ होता. तो म्हणाला, "म्हातारबा, उगंच कशाला तरास करून घेतोस? म्हण, मी ख्रिस्ती न्हाय, हितं काय हुत न्हाय. मोबाईलवर घेतो, आनि जातो आमी."

मला वाटलं, आता आप्पा म्हणणार. नसलेल्या म्हशीसाठी शाळेपर्यंत गेलेला माणूस. मी मनात म्हणत होतो, म्हणा आप्पा, म्हणून टाका. माझा हात खिडकीलगतच्या आमच्या दाराच्या कडीवर होता. कडी काढायची, बाहेर जायचं, एवढंच काम. मी कडी काढली नाही.

"मी ख्रिस्ती हाय," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "ख्रिस्ती हाय मी. बाकीच्यांची नावं मी न्हाय सांगणार."

एकानं त्यांच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडून चपलांत पडला. दुसऱ्यानं अंगणातली खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. "फुडल्या रविवारी बघतो," म्हणत ते गेले.

मग मी गेलो. गाड्यांचा आवाज पार विरल्यावर. आप्पा पायरीवर बसले होते. त्यांचा पायजमा ओला झाला होता. मला बघून त्यांनी मांडीवर टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाले, "आक्कांना मागच्या दारानं ने रं. मला असं बघाय नको त्यांनी."

आईला घरी सोडून मी परत आलो. आप्पांनी कपडे बदलले होते. चहा मी केला. न राहवून विचारलं, "एक वाक्य म्हणायचं होतं आप्पा. का नाही म्हणालात?"

त्यांनी कप हातात घेतला.

"म्हणून बघितलंय एकदा," ते म्हणाले. "नवीन नोकरी लागलेली. खडेबाजारात खोली घेतली. मालकीणबाईंनी विचारलं, तुमी ख्रिस्ती काय? मी भ्यालो. न्हाय म्हणालो. भिंतीवर देवाचं कॅलेंडर लावलं. चार महिन्यांनी नंदगडासनं माझी आई आली, डोस्क्यावर तांदळाचं गठुळं घिऊन. गळ्यात क्रूस. मालकीणबाईंनी विचारलं, ह्या कोण? मी म्हणालो, आमच्या गावच्या बाई हायत."

"मग?"

"आईनं ऐकलं. गठुळं पायरीवर ठेवलं. 'तुमच्या घरच्यांनी पाठवलंय, दादा,' म्हणाली मला. दादा! आनि गेली. मरेपतूर त्यावर एक शबुद बोलली न्हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "मार खायाला मी लई भितो रं. पर त्याच्यापरीस ह्याला जास्त भितो."

पुढच्या रविवारी ते चौघं आले नाहीत. अजूनही आलेले नाहीत. पण हे आज कळतंय. त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. सहा-सात जणांपैकी फक्त आई गेली. तिला हाताला धरून मी घेऊन गेलो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. आप्पा दचकले. "तू कशाला आलास? नोकरी हाय तुझी."

"बसतो जरा," मी म्हणालो.

आप्पांनी डोळे मिटले. गॅसची टाकी झाली, कुत्रं झालं, सरला झाली. त्या चौघांच्या घरच्यांसाठीही मागून झालं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "प्रभू, त्या दिवशी खिडकीमागं एक जण उभा हुता. त्याला लई लाज वाटाय लागलीया. त्याला सांग, मीबी तिथंच उभा हुतो एकदा. तू मला टाकलं न्हाईस. त्यालाबी टाकू नको."

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा आवाज आला. आप्पांचा आवाज तुटला. डोळे न उघडताच त्यांनी हात पुढं केला, आणि मी तो धरला. गाडी दारावरून पुढं निघून गेली. तरी आम्ही दोघंही कितीतरी वेळ थरथरत होतो.