कोणीही न केलेल्या सहा पेट्या

कलाकृतीत जितकं कमी ठेवावं, तितकं तिच्याविषयी जास्त छापावं लागतं. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. त्या वसंतात मॅनहटनच्या एका कलादालनात पत्र्याच्या सहा रिकाम्या पेट्या मांडायचं ठरलं, तेव्हा माहितीपत्रक चौदा पानांचं निघालं (पेट्यांत काही असतं तर कमीत भागलं असतं).

पेट्यांचे कलाकार प्रेस्कॉट हेल. कलाकृतीत कलाकाराचा हात दिसता कामा नये, हे मिनिमलिझम नावाच्या तेव्हाच्या कलापंथाचं थोर तत्त्व. हेलसाहेबांनी ते इतक्या निष्ठेने पाळलं की पेट्या त्यांनी फोनवरूनच सांगितल्या. प्रत्यक्ष हात लावण्याची नामुष्की क्वीन्समधल्या काझिमिर डुडेक या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरावर आली.

डुडेक बावीस वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यांची धुराडी बनवत होता. पठ्ठ्याचा कोपरा गुण्यात म्हणजे गुण्यात, काटकोनात तसूभर फरक नाही. पण धुराडं एकदा छताआड गेलं की ते बघतो कोण? त्याच्या बायकोने, हेलेनाने, त्याचं काम कधी पाहिलेलंच नव्हतं. दर ईस्टरला ती कौतुक करायची ते आपल्या भावाच्या बेकरीचं, कारण पाव दिसतो. डुडेकला हे फार लागायचं. आता हिला दाखवतोच, असं म्हणून तो कामाला भिडला.

पहिली पेटी बघायला हेलसाहेब जातीने आले. कोपऱ्याच्या सांध्यावर त्यांची नजर अडली.

"सुरेख आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "कोणीतरी जीव ओतलाय असं वाटतं."

"ओतलाच आहे ना, साहेब."

"तोच तर काढायचाय."

जीव काढायला तीन आठवडे लागले. डुडेकने कानस चालवली, घासलं, पुन्हा घासलं, बोटं सोलवटून घेतली (रक्त तत्त्वाला बाधक म्हणून लगेच पुसलं). शेवटी सहाही पेट्या कोणीच केलेल्या नाहीत अशा दिसू लागल्या. असं काम करणारा माणूस अख्ख्या क्वीन्समध्ये दुसरा नव्हता.

पेट्या न्यायला गाडी आली तेव्हा सोबत आलेल्या हेलसाहेबांना त्याने भीत भीत विचारलं, "साहेब, पत्रकात कुठे कोपऱ्यात माझं नाव टाकता येईल का? बायको येणार आहे बघायला."

"नाव टाकलं की हात दिसला, डुडेक."

"मग तुमचं?"

"ते नाव नाही. ती कल्पना आहे."

उद्घाटनाला एकशे चाळीस रसिक हजर होते. त्यांपैकी शंभर जण एकमेकांना बघत होते, एकोणतीस जण पत्रक वाचत होते आणि अकरा जण पेट्यांकडे बघत होते (पैकी नऊ जण हातातला ग्लास टेकवायला जागा शोधत होते). उरले डुडेक पतिपत्नी.

हेलेना चर्चचा कोट घालून आली होती. पहिल्या पेटीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग वाकून तिने कोपऱ्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"सांधा कुठाय रे, काझिक?"

"तिथेच आहे. तुझ्या बोटाखाली."

"लागतच नाहीये हाताला." ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दालनाचा रखवालदार आला. "बाई, हात लावू नका."

"माझ्या नवऱ्याने केलीय ही."

"ही कोणीच केलेली नाही, बाई," रखवालदार समजुतीने म्हणाला. "पान चारवर दिलंय."

डुडेकच्या मनात राग होता, अभिमानही होता. कोणता किती, ते त्याला सांगता आलं नसतं. हेलेनाने पत्रक घेतलं, चौदाही पानं शेवटपर्यंत चाळली आणि मिटून पर्समध्ये टाकलं. "चल घरी," ती म्हणाली. "या लोकांना बघता येत नाही."

वाचकहो, तिचं म्हणणं तुम्हाला पटलं असेलच. तुम्ही सुज्ञ आहात. आता हातातलं हे पुस्तक मिटून लेखकाचं नाव वाचा, आणि मग पुठ्ठ्यावरून बोट फिरवत ज्याने ते बांधलं त्याचं नाव शोधा.