एका बाहीचा शर्ट

टर्नरने शिलाई मशीन टेबलावर ठेवलं आणि पाणी पिऊन येतो म्हणून तो बाहेर गेला, इथेच घोळ झाला. त्या शेडमध्ये टेबलावर ठेवलेली वस्तू कुणाच्या मालकीची राहत नसे. लोक घरातली पडीक अवजारं आणून देत आणि तिथली निवृत्त कामगार मंडळी, अजूनही टर्नर, फिटर, रंगारी अशा कामाच्याच नावांनी ओळखली जाणारी, गंज काढून, धार लावून, रंग देऊन ती शिकाऊ मुलामुलींच्या वर्गाला पाठवत. मागेपुढे कुणी नसलेली पोरं ती. हातात कसब आणि ते चालवायला अवजार एवढं मिळालं तरी पोटापाण्याला लागतील, अशी सगळ्यांची आशा. या बिनपगारी कारखान्याचा सर्वेसर्वा फिटर. एकदा रंगारी आपला जेवणाचा डबा टेबलावर विसरला, तर संध्याकाळी त्याला तो पॉलिश करून, कडीला तेल घालून परत मिळाला.

शेडची आणखी एक रीत होती. अवजारासोबत जे कापड येईल ते पुसायला घ्यायचं. जुन्या चादरी, अभ्रे, पडदे, काय येईल ते फाडून पेटीत. चिंध्या विकत आणायची वेळ कधी आलीच नव्हती.

मशीन टर्नरच्या बायकोचं. ती गेल्यापासून त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, घरातही तो पाहुण्यासारखा वावरायचा. मशीन देऊन टाकावं, एखाद्या पोरीचं भलं होईल, हे त्याला पटत होतं. पण सुईखाली शर्ट अडकलेला होता. तिने त्याच्यासाठी शिवायला घेतलेला. एक बाही लागली होती, दुसरी लावायला घेतली तोच ती ‘आलेच’ म्हणून उठली आणि आडवी झाली ती परत उठली नाही. सुई वर करून तो शर्ट काढायचं टर्नरच्या हातून होईना. फिटरचा हात हलका, तो काढून देईल, असं ठरवून तो आला होता. हे बोलायचं म्हणूनच आधी पाणी प्यायला गेला, आणि नळापाशी त्याला रडू आलं. मग डोळे कोरडे होईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला.

तोवर इकडे फिटरने हलक्या हाताने सुई वर केली, दोरा कापला आणि कापड रंगाऱ्याकडे भिरकावलं. रंगाऱ्याने ते टराटरा फाडलं. टर्नर आत आला तेव्हा मशीनचं तेलपाणी चालू होतं.

“शर्ट काढलास?” त्याने विचारलं. “बरं झालं. तिनं शिवायला घेतला होता. माझ्याच्यानं हात लावायला होईना बघ.”

फिटर जन्मात खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते नीट जमलंही नाही. शर्ट आतल्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली रंगाऱ्याकडे आहे आणि रंगारी आत्ताच बाहेर गेलाय, असं तो म्हणाला. रंगारी त्याच्या शेजारीच उभा होता. टर्नरचं लक्ष कुठे होतं म्हणा. उद्या येतो म्हणून तो निघून गेला.

मग शोधाशोध सुरू झाली. शर्टाची पाठ लागलेल्या बाहीसकट टर्पेंटाइनमध्ये बुडाली होती. पुढचा एक भाग हिरव्या रंगाने माखला होता, दुसऱ्याला ग्रीस. कॉलर कानशींच्या पेटीत बसून वर्गाकडे रवाना झाली होती. जोडायची राहिलेली बाही तेवढी टेबलाखाली पडली म्हणून वाचली. रंगाऱ्याने डाग काढायला म्हणून रॉकेल वापरलं, रॉकेलचा वास काढायला साबण, आणि शेवटी हिरवा रंग जिथे नव्हता तिथेही गेला.

फिटरने ते गाठोडं घरी नेलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शिवून दे म्हटल्यावर मात्र ती म्हणाली, “तिच्या टाक्यावर मी टाका घालणार नाही. तुम्ही फाडलंत, तुम्हीच निस्तरा.”

निस्तरायला तो सकाळीच वर्गावर गेला. मशीनही सोबत नेलं, निदान ते तरी वेळेवर पोचावं म्हणून. तिथल्या शिवणबाईंनी कॉलर शोधून दिली आणि तुकडे मुलींपुढे पसरले. फाटलेलं जोडणं हाच आजचा धडा, म्हणाल्या. त्याच मशीनवर मुलींनी आळीपाळीने एकेक शिवण घातली. शिवणी साहजिकच वाकड्या आल्या. सुटी बाही लावायला एकीने हात पुढे केला, पण फिटरने ती दिली नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी टर्नर आला. फिटरने शर्ट त्याच्यापुढे धरला आणि एका दमात सगळं कबूल केलं. मार, शिव्या दे, पण बोल काहीतरी, असंही म्हणाला.

टर्नर बराच वेळ डागांवरून हात फिरवत होता.

“आयुष्यभर ओरडायची,” तो शेवटी म्हणाला. “तुमच्या अंगावर धड कपडा टिकत नाही, ग्रीस नाहीतर रंग. हा शर्ट कामावर घालायचा नाही, असं शिवतानाच बजावलं होतं. एवढा चांगला शर्ट घालून मी जाणार कुठं होतो? तिच्याशिवाय मला कोण कुठं नेतं?”

रंगाऱ्याने उगाचच ब्रश धुवायला घेतला. टर्नरने अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला आणि हा घातला. डावा हात खांद्यापासून उघडाच राहिला. तसाच तो टेबलापाशी आला आणि पुढ्यातला गंजलेला पाना उचलून त्याने पॉलिश पेपर मागितला.

फिटरने तो दिला, आणि खिशातून सुटी बाही काढली. “ही एक चांगली राहिलीय. लावून आणू?”

“नको,” टर्नर पाना घासत म्हणाला. “ते तिचं काम आहे. तिचं तिला राहू दे.”