फुलपात्रभर ताक

काटा चाळिसाच्या पुढे सरकला, की सिद्रामप्पांची मोटार थरथरायला लागायची. आधी स्टिअरिंग, मग आरसा आणि मग सिद्रामप्पांचे गाल. पस्तिसाच्या आत मात्र ती इतकी गरीब, की शपथेवर सांगूनही कुणाला पटू नये. मैलांच्या काट्याची ही जुनी काळी मोटार त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरकडून घेतली होती, आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चादरींच्या कारखानदाराला शोभेल अशा ऐटीत मिरवलीही होती. थरथर सुरू झाली ऐन दसऱ्याला, आणि लक्षात आली ती नेमकी माढ्याच्या रस्त्यावर, व्याही रुद्रप्पा शेजारी बसलेले असताना. त्यांचा फेटा सुटला आणि तोंडातली सुपारी घशात गेली.

"पावनं," माढ्याला उतरून, खोकून झाल्यावर रुद्रप्पा म्हणाले, "ह्या गाडीतनं मी सून बाळंतपनाला धाडनार न्हाय. नातू वाटंतच बाहीर यायचा!"

"सावकाश आणतो की."

"तुमी आन् सावकाश? ऐतवारी या. मी ताकानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र हातात धरून पुढं बसनार. गाडी पंचेचाळीसवर न्या. ताक सांडलं, तर सून हितंच ऱ्हाईल."

घरी हे ऐकून सिद्रामप्पांच्या बायकोनं, बसम्मांनी, कपाळाला हात लावला. लेक महानंदाचं पहिलंच बाळंतपण. पाळणा माळ्यावरून काढून, धुऊन, वाळवून झाला होता.

"अय्यो शिवने! पहिल्या खेपेला लेक सासरी? लोक काय म्हणतील? अवो, ती मोटार हळू चालवली तर काय झिजते का?"

"हळूच जायचं तर बैलगाडी काय वाईट होती?" सिद्रामप्पा उसळले आणि तडक सात रस्त्याला गुंडा मिस्त्रीकडे गेले.

गुंडानं बॉनेटला कान लावला, चाकं हलवून पाहिली आणि पुढची चाकं जोडणारा टायरॉड बदलला. आता खात्री करायची तर मोटार पुण्याच्या रस्त्यावर पळवायला हवी. गुंडा पुढे बसला. त्याचा दोस्त भिमा मागे बसला. शेजारचे चनमल्लप्पा एकदा कलेक्टरच्या गाडीत बसले असल्यामुळे त्यांना मोटारीतलं कळत होतं. तेही आले, आणि मेहुण्यांना घेऊन आले. एवढी वरात घेऊन मोटार धापा टाकत निघाली. काटा अडतीसवर गेला आणि तिथेच बसला. कुठे हूं नाही की चूं नाही.

"गेली बगा थरथर!" गुंडा म्हणाला. त्या आनंदात सगळ्यांनी सिद्रामप्पांच्या खर्चानं भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा एकटेच गेले आणि गाल थरथरवत परत आले. गुंडानं बेरिंग बदललं. पुन्हा वरात, पुन्हा अडतीस, पुन्हा भजी. एकटे गेले, की पुन्हा गाल.

"सोपं हाय की," चनमल्लप्पा म्हणाले, "माढ्याला आमाला घिऊनच चला. भरल्या गाडीत थरथर न्हाय."

"आन् लेकीला काय टपावर बसवू?"

शनिवारी सिद्रामप्पा कारखान्यात मागासमोर हिरमुसून बसले होते. मागाचे दोरे ताठ राहावेत म्हणून खाली वजनं टांगलेली असतात. तिकडे बघता बघता ते ताडकन उठले. लोखंडी वजनांमध्ये तीन तुकडे शिशाचे होते, किंचित वाकडे, चाकाच्या कडेला बसतील असे. खंडेनवमीला मोटार धुताना त्यांनी स्वतःच चाकांवरून असे चार तुकडे उपटले होते आणि त्यातले तीन मागाला टांगले होते. एवढं चांगलं शिसं चाकाला चिकटवून वाया घालवणाऱ्या डॉक्टरची त्यांना तेव्हा कीव आली होती.

तुकडे घेऊन ते गुंडाकडे धावले. ते पाहून गुंडा ओरडला, "मालक, ही चाकाच्या तोलाची वजनं! ती काढल्यावर चाक जोरात फिरताना उड्या मारनारच की. चवथं कुटं हाय?"

चौथं होतं माढ्याला. रुद्रप्पांच्या आडत दुकानातला तराजू एका बाजूला झुकत होता. दसऱ्याला गेले असताना सिद्रामप्पांनी मोठ्या प्रेमानं चौथा तुकडा त्याला पासंग म्हणून बांधून दिला होता. आता तो मागायचा, म्हणजे आपला शहाणपणा आपल्याच तोंडानं व्याह्यांना सांगायचा. त्यापेक्षा तिनांवर भागवलेलं बरं.

रविवारी रुद्रप्पा ताक घेऊन पुढे बसले. सिद्रामप्पांनी मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि समोरच्या रस्त्यावर डोळे रोखले. चाळीस. काही नाही. त्रेचाळीस. स्टिअरिंग गुणगुणलं. पंचेचाळीसला आरसा हलला, गाल हलले, आणि लेकीचा रिकामा पाळणा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी मोटार कडेला घेतली. शेजारी बघायचा धीर होईना.

"येक थेंब सांडला न्हाय," रुद्रप्पा म्हणाले.

सिद्रामप्पांनी वळून पाहिलं. धोतर कोरडं होतं. फुलपात्र रिकामं होतं. आणि रुद्रप्पांच्या काळ्याभोर मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"असं काय बघताय? चार दिस झालं, तुमची पोर पिशवी भरून दारात बसतीया. ताक सांडलं असतं तर तिला काय तोंड दावलं असतं मी?"

सिद्रामप्पांना भरून आलं. त्या भरात त्यांनी खंडेनवमी, माग, पासंग, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "आता तो तुकडा तेवढा द्या, पावनं. गाडी लोण्यावानी पळंल."

रुद्रप्पा हसून हसून लाल झाले. मग त्यांनी मिशा पुसल्या.

"पासंग तराजूलाच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बाळंतीन नातवाला घिऊन परत आली, की मग न्या. तवर थरथरीच्या भ्यानं तरी हळू चालवाल."

तासाभरात महानंदाला मागे बसवून मोटार सोलापूरला निघाली. काटा दहावर होता. मोहोळच्या अलीकडे मागून एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, आणि सिद्रामप्पांनी मोटार निमूटपणे बाजूला घेतली.