दुर्मिळ वनस्पती, हात लावू नये

वसुंधराबाईंच्या पत्राला जीवनरावांनी दोन वर्षं आणि एक महिना उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असं नाही. ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात नीट ठेवलेलं होतं. महिन्यातून एकदा तरी जीवनराव ते काढत, वाचत, घडी घालत आणि पुन्हा ठेवत. उत्तराचे सात खर्डेही त्याच खंडात होते. सातवा "आपले पत्र मिळाले" इथेच थांबला होता, कारण दोन वर्षांनी हे वाक्य लिहायला त्यांचा हात धजत नव्हता.

जीवनराव टिपणीस पनवेलच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि वसुंधराबाई तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर बाई देवरुखला गेल्या. जीवनराव खांदा कॉलनीत तळमजल्यावर मुलगा-सुनेकडे राहिले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या मागे उरलेली चार हात रुंद बाग ते जमेल तशी सांभाळत. पावसाळ्यात अनंत फुलायचा, तेरड्याचे गुलाबी ताटवे उभे राहायचे, सोनटक्क्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. त्यात आपलं काही कर्तृत्व आहे असं जीवनरावांना कधी वाटलं नाही.

बाईंचं पत्र छोटं होतं. "सोबत पुडीत बिया आहेत. नाव सांगणार नाही. लावा, ओळखा आणि कळवा. पुस्तकात बघायला हरकत नाही, पण तुम्हाला पुस्तकातून जरा बाहेर काढावं म्हणूनच पाठवते आहे. उत्तर बरोबर आलं तर तुमची बाग बघायला येईन. चुकलं तरी येईन, पण मग चहा तुम्ही करायचा."

म्हणजे काहीही कळवलं असतं तरी बाई येणार होत्या. पण आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेल्या बाईंना चुकीचं उत्तर लिहायचं, हे जीवनरावांना झेपणारं नव्हतं. पहिली दोन वर्षं त्यांनी बिया लावल्याच नाहीत. न उगवल्या तर तेही कळवावं लागलं असतं. यंदा जूनमध्ये मात्र त्यांनी धीर केला आणि त्या काळ्या, चकचकीत, मोहरीहून बारीक बिया वाफ्यात टाकल्या.

त्या उगवल्या, आणि पंचाईत झाली. महिन्याभरात गुडघ्याएवढी हिरवीगार रोपं दाटीवाटीने उभी राहिली. लांबट पानं, सरळ दांडे, फुलाचा पत्ता नाही. जीवनरावांनी अकरा पुस्तकं चाळली. प्रत्येक पुस्तकात ते रोप थोडंथोडं सापडत होतं, पूर्ण कुठेच सापडत नव्हतं.

"बाबा, मी फोटो टाकू का सोसायटीच्या ग्रुपवर?" सुनेने, दिपिकाने विचारलं. "कोणीतरी सांगेल."

"नको. उगाच लोकांना त्रास."

तोवर तिने टाकला होता.

अर्ध्या तासात सोसायटीचे अध्यक्ष चारुदत्त गुप्ते स्वतः वाफ्यापाशी उभे राहिले. गुप्ते न्हावा शेवा बंदरात कस्टम्सच्या कामात होते, त्यामुळे परदेशातून येणारी कुठलीही वस्तू आपण नजरेने ओळखतो असा त्यांचा समज होता.

"टिपणीस, ही इम्पोर्टेड आहे," गुप्ते म्हणाले. "सिंगापूरला विमानतळाबाहेर हीच लावलीय."

"देवरुखहून आलीय," जीवनराव पुटपुटले.

"देवरुखला कुठून आली असेल? विचार करा ना."

जीवनराव विचार करू लागले. तेवढ्यात गुप्त्यांनी निर्णय घेतला. परिसरातल्या सोसायट्यांची 'हिरवं अंगण' स्पर्धा होती आणि पुढच्या रविवारी परीक्षक येणार होते. आपल्या सोसायटीकडे दाखवायला आजवर एक वाकडा नारळ होता. आता हा वाफा होता. दुसऱ्या दिवशी वाफ्याभोवती पांढरी दोरी आली आणि रंगवलेली पाटी आली: 'दुर्मिळ वनस्पती. हात लावू नये.'

"खाली नाव लिहायला जागा सोडलीय," गुप्ते म्हणाले. "लॅटिन असेल तर बरं."

जीवनरावांना त्या रिकाम्या जागेकडे बघवेना. आता उत्तर फक्त वसुंधराबाईंना द्यायचं नव्हतं, सबंध सोसायटीला द्यायचं होतं. ते रोज सकाळी रोपांना पाणी घालत आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागत.

स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, साळूबाई डोक्यावरची भाजीची टोपली सावरत कुंपणाशी थांबल्या. जवळच्या जासई गावाहून आठवड्यातून दोनदा त्या कॉलनीत भाजी घेऊन येत. जीवनराव पायरीवर बारावं पुस्तक घेऊन बसले होते.

"काका, कुरडू लय माजलाय तुमचा."

जीवनरावांनी मान वर केली. "काय माजलाय?"

"ह्यो काय, कुरडू. श्रावणात लोक मागतात आमच्याकडं, आन तुमी दोरी बांधून ठेवलाय. नाय खुडलात तर जून होल, मंग कोन खातंय."

"ह्याला कुरडू म्हणतात?"

"मंग काय म्हनायचं?" साळूबाईंनी काळजीने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, बरं हाय ना तुमाला?"

जीवनरावांना इतकं बरं गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं. ते उठले आणि पुस्तकांच्या कपाटाकडे निघाले. मागून साळूबाईंनी विचारलं, "खुडू का थोडा?"

"हो, हो," जीवनराव म्हणाले आणि आत गेले.

सूचीत 'कुरडू' होता. पान चारशे दहा. जीवनराव उभ्याउभ्याच वाचू लागले. बिया काळ्या, चकचकीत. पानं लांबट. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. भाताच्या बांधावर, पडीक जागी आपोआप उगवतो. म्हणजे बाईंनी त्यांना कुठलंही गाव डोळे झाकून ओळखेल अशी गोष्ट पाठवली होती, आणि म्हणूनच पाठवली होती. जीवनरावांना एकट्यालाच हसू आलं. मग तळटीप आली, तळटिपेत दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख आला, तो ग्रंथ वरच्या फळीवर होता. ते बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता.

वाफ्यात वीतभर उंचीचे खुंट उभे होते. शेंडे सगळे गेले होते. दोरी जागच्या जागी होती आणि पाटीही. पायरीवर, त्यांच्या बाराशे पानांच्या पुस्तकावर, चार जुड्या व्यवस्थित ठेवलेल्या होत्या.

"बाबा," दिपिका दारात येऊन म्हणाली, "परीक्षक परवा येणार आहेत ना?"

जीवनराव खाली बसले. "मी हो म्हणालो होतो," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी गुप्ते पाहणीला आले. ते दोरीभोवती एक फेरी मारून आले.

"टिपणीस, हे काय आहे?"

"कुरडू."

"नाव नाही विचारलं मी. गेली कुठे?"

"साळूबाईंनी खुडली. विकायला."

"दुर्मिळ वनस्पती भाजीवालीने विकली? कोणी घेतली?"

नेमक्या त्याच वेळी गुप्त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, स्टीलचा डबा घेऊन फाटकातून आत आल्या. "दिपिका, तुझ्या सासऱ्यांना ही भाजी दे गं. काल साळूकडे कुरडू मिळाला, किती वर्षांनी. आमच्याकडे तर ह्यांनी दोनदा मागून घेतला."

गुप्त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. दारातली दिपिका गॅस चालू आहे म्हणत आत पळाली. गॅस बंद होता हे खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं.

"हे बाहेर जाता कामा नये," गुप्ते हळू आवाजात म्हणाले. "परीक्षकांना सांगायचं, छाटणी केलीय."

"कशाची विचारलं तर?"

"तुम्ही काही बोलूच नका. एरवी कुठे बोलता?"

हे खरं होतं. रविवारी परीक्षक आल्या, हातात गुणांचा कागद असलेल्या एक मध्यमवयीन बाई. त्यांनी अनंत पाहिला, तेरड्याचे ताटवे पाहिले, आणि दोरीच्या आतल्या खुंटांपाशी थांबल्या.

"इथे काय लावलंय?"

"छाटणी केलीय," गुप्ते म्हणाले.

"हो, पण कशाची?"

गुप्ते पाटीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पण चौतीस वर्षांत जीवनरावांनी पुस्तकाच्या पाठीवर कधी खोटं नाव चिकटवलं नव्हतं.

"कुरडूची," ते म्हणाले. "रानभाजी आहे. दुर्मिळ नाही. मला ओळखता आली नव्हती. शुक्रवारी साळूबाईंनी ओळखली आणि मग ती सोसायटीने खाल्ली." थोडं थांबून, माहिती अपुरी राहू नये म्हणून त्यांनी जोडलं, "अध्यक्षांनी दोनदा."

परीक्षक बाईंनी पेन थांबवलं. मग त्या सुनंदाताईंकडे वळल्या. "त्यात डाळ घालता की नुसता कांदा?" आणि गुणांच्या कागदाच्या मागे त्यांनी पाच मिनिटं पाककृती उतरवून घेतली.

बक्षीस पलीकडच्या सेक्टरातल्या, अंगणात प्लॅस्टिकचं गवत अंथरलेल्या सोसायटीला मिळालं. गुप्ते आठ दिवस जीवनरावांशी बोलले नाहीत. जीवनराव तसेही कोणाशी फारसं बोलत नसल्यामुळे हे त्यांच्या नवव्या दिवशी लक्षात आलं. त्यांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नाव कळलं होतं, पण आता बाईंना दाखवायचं काय? खुंट?

मग खुंटांना फुटवे आले. एकेका खुंटाला चार-चार, पाच-पाच. गणपती जाईपर्यंत वाफा आधीपेक्षा दुप्पट भरला आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकावर एक तुरा उभा राहिला. शेंड्याशी गुलाबी, खाली रुपेरी पांढरा. सकाळच्या उन्हात सगळा वाफा पेटवलेल्या मेणबत्त्यांसारखा दिसू लागला. मुनिया पक्षी येऊन तुऱ्यांवर झुलू लागले. सोसायटीतली माणसं कचरा टाकायला जाताना मुद्दाम इकडून जाऊ लागली. गुप्तेही आले.

"पाटी काढतो मी," ते जरा ओशाळून म्हणाले.

साळूबाई कुंपणाशीच होत्या. "काय लिवलंय त्याच्यावर?"

"दुर्मिळ वनस्पती," जीवनरावांनी वाचून दाखवलं. "म्हणजे, सहसा मिळत नाही अशी."

"मंग खरंच हाय की. आमच्या जासईच्या शेतावर आता कंटेनर उभं हायत. बांधच नाय राहिला तर कुरडू येल कुठं? मी पन दोन वर्सांनी पायला, तुमच्या दारात." त्यांनी एका तुऱ्यावरून बोट फिरवलं. "राहू द्या पाटी. आन थोडं बी धरून ठेवा माझ्यासाठी."

गुप्त्यांनी पाटीकडे नव्या आदराने पाहिलं. "मी सुरुवातीपासून सांगत होतो," ते म्हणाले. दुपारी त्यांनी स्वतः ब्रश आणून रिकाम्या जागेत 'कुरडू' लिहिलं.

"साळूबाई, तुम्ही खुडला म्हणून इतका फुटला," जीवनराव म्हणाले.

"खुडला का फुटतोच. तुमच्या पुस्तकात नाय का?"

"आहे. पुढच्याच पानावर आहे. मी तळटिपेत अडकलो होतो."

त्या संध्याकाळी आठवा खर्डा झाला.

"बाबा, नंबर आहे ना त्यांचा? फोटो पाठवते, दोन सेकंदांत जाईल," दिपिका म्हणाली.

"पत्राला पत्रानेच उत्तर द्यावं."

"दोन वर्षांनी?"

"दोन वर्षं तीन महिने," जीवनरावांनी दुरुस्ती केली आणि लिहीत राहिले.

"उत्तर: कुरडू. मी ओळखलेला नाही. साळूबाईंनी ओळखला, कुंपणापलीकडून, चष्म्याशिवाय. तेव्हा मला नापास समजावे. तुरे दसऱ्यापर्यंत राहतील असे साळूबाई म्हणतात. चहा मी करीन. गेला आठवडाभर सराव चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपालपेटीपाशी गेले. पत्र फटीत अर्धं घालून बराच वेळ उभे राहिले. मागे एक गृहस्थ पाकीट घेऊन ताटकळत होते.

"काका, टाकताय ना?"

जीवनरावांनी बोटं सोडली.

तीन पावलं गेल्यावर त्यांना शंका आली की 'नापास समजावे' हे जरा लाडिक तर झालं नाही ना. ते मागे वळले आणि पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. तो मनगटापर्यंतसुद्धा जाईना. पेटी अशी का बनवतात हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. ते घरी आले आणि चहाचं आधण ठेवलं.