जमैकाच्या कोंबडीवर काय प्यावं?

हिंगोलीतल्या एका सरकारी कचेरीत क्लार्क असलेल्या बुद्धभूषण यांना आपली बदली कनेरगाव नाक्याला होणार अशी कुणकुण लागली आणि त्यांनी कचेरीचे प्रमुख गोपीचंद साहेब यांना जेवायला बोलावलं. (तोंडानं विनंती करायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, जेवू घालायचं होतं. तेही बायकोच्या हातून.)

नेमका मेहुणा रत्नपाल सुट्टीवर आला होता. तो जहाजावर खानसामा. येताना त्यानं जमैकाच्या मिरच्यांच्या सॉसची बाटली आणलेली. साहेबांसाठी तिकडच्या पद्धतीची कोंबडी ठरली. अडलं ते सोबत प्यायला काय द्यायचं, यावर.

“भाऊजी, तिकडं यासंगं रम घेतात.”

“घरात? भिंतीवर पंचशील लावलंय, पाचवं वाच जरा!”

“मंग नारळपाणी.”

“साहेब काय दवाखान्यात भरती हायत?”

“अहो, मी ताक करते की,” करुणाबाई म्हणाल्या.

“परदेशी कोंबडीवर ताक? अब्रू घालवतीस काय माझी!”

शेवटी काळ्या कोल्ड्रिंकच्या बारा बाटल्या बर्फात पडल्या.

किलोला एकच चमचा सॉस, असं रत्नपालनं बजावलं होतं. बुद्धभूषणना तो साऱ्या जिल्ह्याचा अपमान वाटला. “लहानपणापासून ठेचा खाऊन राहिलो आमी,” असं पुटपुटत त्यांनी, मेहुण्याची पाठ वळताच, अर्धी बाटली पातेल्यात ओतली.

पहिल्या घासाला साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्याला मान थांबली. तिसऱ्याला डोळे, नाक, कपाळ सगळं एकदम वाहू लागलं. बुद्धभूषणनी तत्परतेनं कोल्ड्रिंकची बाटली पुढं केली. पोळलेल्या जिभेवर तो फेस पडला मात्र, साहेब ताटावरून उठून अंगणात नाचू लागले.

“साहेब, ही दुसरी घ्या, जास्त गार हाय!” बुद्धभूषण मागं धावत होते.

करुणाबाईंनी नवऱ्याचं न ऐकता ताक केलंच होतं. तांब्या साहेबांनी थेट तोंडाला लावला. तिसऱ्या तांब्यानंतर त्यांना वाचा फुटली.

“वहिनी, जीव वाचवला तुमी. तुमच्या घरासाठी कायतरी करतोच मी.”

बुद्धभूषणना आनंद मावेना. बदली टळली, असं त्यांनी शेजारच्या मंजुळाबाईंनाही सांगून टाकलं.

सोमवारी साहेबांनी शब्द पाळला. कचेरीचं कँटीन करुणाबाईंच्या बचत गटाला मिळालं. बदलीवर सही मात्र जेवणाच्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

आता बुद्धभूषण रोज दुपारी कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर जेवतात. झणझणीत रस्सा आणि काळं कोल्ड्रिंक. एकदा जीभ फारच पोळली तेव्हा त्यांनी विचारलं, “ताक काहून ठेवत न्हाई हो तुमी?”

ढाबेवाला म्हणाला, “इथं कुठलं, साहेब! हिंगोलीत त्या कचेरीच्या कँटीनात लई झकास मिळतं म्हणतात. तुमी कधी पेलं काय?”