टीप लिहा : काल (पाच गुण)

विचार करणं ही माणसाची फार जुनी खोड असून तिचा बंदोबस्त करण्यासाठी विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग असतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास तिथे चौदा आठवड्यांत उरकतात. एकेका तत्त्ववेत्त्याच्या वाट्याला एकोणीस मिनिटं येतात (हजेरी वजा जाता बारा). एवढ्या वेळात कुणाचाही विचार कुणाच्याही अंगी लागत नाही, हे विभागाचं मोठंच यश.

अशा निर्धोक जागी घड्याळवाल्या बाईंनी प्रवेश घेतला. वय सत्तेचाळीस. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच चालवायच्या. वडिलांनी अंथरूण धरलं आणि एक दिवस पडल्या पडल्या विचारलं, "साठ वर्षं लोकांची वेळ लावून दिली गं मी. पण वेळ म्हणजे काय?"

डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या बाईंना 'माहीत नाही' म्हणवेना. त्या दुपारी दुकान बंद ठेवू लागल्या आणि पहिल्याच तासाला त्यांनी हात वर केला.

"सर, वेळ म्हणजे काय?"

सर विभागप्रमुख होते. "ते दुसऱ्या सत्राला आहे," ते म्हणाले.

दुसरं सत्र आलं. सरांनी बावीस वर्षांपूर्वीची वही उघडून कालाविषयी दोन थोर पुरुषांची मतं सांगितली. साठ माना खाली झुकल्या, साठ पेनं चालू लागली. (शेवटी सर म्हणाले, "हा प्रश्न ऑप्शनला टाकला तरी चालेल.")

संध्याकाळी बाईंनी ते वडिलांना वाचून दाखवलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"थांब. परत वाच. हा पहिला म्हणतो, काळ बाहेर जगात आहे. आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, माणसं नसती तर काळही नसता. अगं, काटे उलटे बसलेत कुणाचे तरी!"

दुसऱ्या दिवशी बाई ग्रंथालयात गेल्या. मूळ पुस्तक विभाग निघाल्यापासून कुणी नेलं नव्हतं (त्यामुळे ते उत्तम स्थितीत होतं). वडिलांचं खरं निघालं. सरांच्या वहीत दोघांच्या निष्कर्षांची अदलाबदल झाली होती, आणि बावीस वर्षं एक हजार तीनशे चाळीस विद्यार्थी एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवून पास होत आले होते.

त्यांनी सरांना गाठून सांगितलं. सर रागावले नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळ पुस्तक वाचलंत?"

"हो."

"ते परीक्षेला नाही."

बाईंनी पेपरात जे खरं तेच लिहिलं. त्या टिपेला त्यांना पाचापैकी शून्य गुण पडले आणि चार गुणांनी त्या नापास झाल्या. फेरतपासणी समिती बसली. तिच्यात सर होते आणि त्याच वहीवर शिकून प्राध्यापक झालेले आणखी दोघे. पुस्तक टेबलावर होतं. ते न उघडण्याचा निर्णय एकमताने झाला. मग एका सदस्यांनी आपुलकीने समजावलं, "बाई, तुमचं बरोबर धरलं तर आम्ही नापास होतो. त्यापेक्षा तुम्ही एकट्या झालेल्या बऱ्या, नाही का? पुढच्या खेपेला वहीतलं लिहा."

बाई घरी आल्या. "नापास झाले, बाबा."

"कशात?"

"वेळेत."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "ते पुस्तक आण. वाच मला." बाई रोज तीन पानं वाचायच्या आणि त्यावर दोघं कडाडून भांडायचे. बत्तिसाव्या पानावर वडील गेले. विद्यापीठात तेवढ्या अवधीत दोन शतकं आटोपली असती.

बाई पुन्हा परीक्षेला बसल्या नाहीत. पुस्तकही त्यांनी परत केलं नाही, आणि ग्रंथालयातून कुणाची विचारणा आली नाही.

एव्हाना वाचकाला सरांचा चांगलाच राग आलेला असेल. पण ते दोन तत्त्ववेत्ते कोण, हे इथे कुठेही सांगितलेलं नाही आणि तुम्हाला ते विचारावंसंही वाटलं नाही. पुस्तकाचं पानसुद्धा न बघता, केवळ सांगितलं म्हणून, कोण बरोबर आणि कोण चूक याचा निकाल तुम्ही बसल्या जागी लावून मोकळे झालात. अभिनंदन! विभागात काही जागा अजून शिल्लक आहेत.