गुंजनचा एकच स्पष्ट फोटो

लाखनीत माझ्या कॅमेऱ्यासमोरून न गेलेला नवरदेव मले दाखवा. पंधरा वर्षं झाली, लग्नंच काढून राहिलो. म्हणून भाचीनं, गुंजननं विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "कबड्डीचा फोटो? डाव्या हातानं काढतो!"

गुंजन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले, अन् लाखनीच्या टीमची कॅप्टन. रात्रीची फायनल, समोर शहापूरच्या पोरी. पण तिचा जीव दुसरीकडंच अटकला होता. "मामा, बाबा म्हणतात यंदा खेळ बंद, आता सोयरीक पाहू. पेपरात माझा रेडचा, चढाई करतानाचा एक झकास फोटो आला ना, तर ते चूप बसतील. एकच पाहिजे."

"एक कायले? अल्बम देतो."

मैदानात चार खांबांवर मोठे लाइट. मले वाटलं, दिवसच आहे. पण डोळ्याले दिसते तेवढं कॅमेऱ्याले दिसत नाही. मी सवयीनं फ्लॅश मारला अन् शहापूरची एक पोरगी डोळे चोळत आपल्याच टीमच्या पोरीवर धडकली. पंच शिट्टी वाजवत आले. "टेकचंदभाऊ, इथं लग्न नाही लागून राहिलं. फ्लॅश बंद करा."

बंद केला. शटर हळू ठेवलं, लग्नात ठेवतो तसं. फोटो पाह्यले तर पोरी गायब, नुसता धूर. एका फोटोत गुंजनले तीन पाय होते. बाजूले वीरेंद्र बसला होता, तोही फोटोग्राफरच. म्हणाला, "आयएसओ वाढव म्हणजे उजेड पुरते, अन् शटर फास्ट, पाचशेवर घे. खेळ आहे हा."

"दाणे येतात फोटोत, चेहरा रवाळ दिसते."

"येऊ दे ना."

"तुले काय जाते? दाणे आले की नवरीची माय माझ्या दुकानात येऊन बसते."

"इथं नवरी कोण आहे?"

मी काही ऐकलं नाही. धूरच जमा करत राहिलो.

शेवटची रेड. दोन्हीकडं गुण सारखे. गुंजन आत घुसली, एकीले हात लावला अन् परत फिरली. मधली रेषा हातभर राहिली होती. सरळ माझ्या लेन्सकडं येऊन राहिली होती, केस उडालेले, डोळ्यांत जाळ. असा फोटो जन्मात एकदा भेटते. पण शटर हळू, म्हणजे पुन्हा धूरच! हार घालताना नवरा-नवरी घाई करतात तेव्हा जे पंधरा वर्षं ओरडत आलो, तेच तोंडातून निघालं, "थांब! इकडं पाह्य, जरा हास!"

अन् पोरगी थांबली.

बारशापासून तिचे फोटो मीच काढले. मामा थांब म्हणला की थांबाचं, हे तिच्या हाडात बसलं आहे. तिनं मान जराशी तिरपी केली अन् हासली. तेवढ्यात शहापूरच्या साऱ्या पोरी तिच्या अंगावर.

लाखनी एका गुणानं हरली. गुंजन उठली, माती झटकली, अन् माझ्या बाजूनं टीमकडं निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लाजेनं मेलो.

घरी पाह्यलं, तर सगळ्यांत एकच फोटो स्पष्ट. गुंजन हासून राहिली, एक दाणा नाही, मागं नुसता धूर. असा फोटो कोणता पेपर छापते? तरी सकाळी भय्याजींच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या हाती नेऊन दिला. रिकाम्या हातानं कसं जावं?

भय्याजींनी चष्मा लावला. फोटो उजेडाकडं धरला.

"टेकचंद, असा फोटो मी कवापासून मागून राहिलो या पोरीले! हे मागचं पुसून टाक अन् चार कॉप्या काढ. सोयरीकीसाठी कोंढ्याच्या पाहुण्यांकडं आजच पाठवतो."

मी फोटो परत घ्याले हात पुढं केला. "भाऊजी, हा तर कबड्डीचा..."

"लग्नाचे फोटोही तूच काढजो. काम पक्कं."

दारात गुंजन उभी होती. "काढा मामा," ती म्हणाली. "पण हार घालताना थांब म्हणान ना, तर या खेपेले मी थांबणार नाही. रेषा पार करूनच दम घेईन."

तेव्हापासून मी शटर पाचशेवरच ठेवलं आहे. दाणे आले तर येऊ द्या.